पंचनाम्याबाहेरची माणसे

सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात जो निकाल दिला, त्यात संगमनेरच्या एका माणसाची हकीकत चार-पाच ओळींत आलेली आहे. तो गावात जोडे शिवीत असे. दिवसाला सात-आठ रुपये मिळत. गावातले त्याचे घर, निकालपत्राच्या भाषेत 'तथाकथित घर', पडले आणि १९६९ साली तो मुंबईस आला. महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर त्याने जागा मिळवली, तीही फुकट नव्हे. तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले, बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० रुपये पडले. जानेवारी १९८० मध्ये नगरपालिकेने हे बिऱ्हाड पाडले. त्याने ते पुन्हा उभे केले.

जोडे शिवण्याचा धंदा एकदा सांगितला की आपल्या देशात जात निराळी सांगावी लागत नाही. निकालपत्रानेही ती सांगितलेली नाही. परंतु मला या हकीकतीत जातीइतकेच दुसरे एक वाक्य महत्त्वाचे वाटते: घर पडले. एका दलित माणसाचे घर पडते, ही घटना कोणत्या दप्तरात जाते? ती आपत्ती ठरते की नुसती गरिबी? ते घर अतिवृष्टीत पडले असते आणि तलाठ्याने पंचनामा केला असता, तर ती आपत्ती ठरली असती. भिंत जुनी होऊन पडली असेल, तर ती त्याची वैयक्तिक बाब झाली. आणि तोच माणूस मुंबईच्या फुटपाथवर आला की तो स्वतःच एक आपत्ती ठरतो. शहरावर आलेली आपत्ती!

याच खटल्यातील दुसरा अर्जदार तामिळनाडूतील सेलमचा भूमिहीन मजूर होता. दुष्काळाने काम गेले म्हणून तो १९६१ साली मुंबईला आला होता. दहिसरच्या एका रासायनिक कारखान्यात त्याला दिवसाला २३ रुपये मिळत. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी जाहीर केले की फुटपाथवरील सर्वांना हलवून आपापल्या मूळ गावी पाठवले जाईल. २३ जुलैला, म्हणजे भर पावसाळ्यात, या मजुराला सेलमच्या बसमध्ये बसवून देण्यात आले. बायको आणि तीन मुलींनाही तिकडे धाडले. ज्या गावातून दुष्काळाने त्याला हाकलले होते, त्या गावी सरकारने त्याला परत केले. त्या गावी काम नव्हते म्हणूनच तो निघाला होता, हे बस भरणाऱ्यांच्या हिशेबात नव्हते. बायको-मुली सेलमलाच राहिल्या; तो मात्र अर्थातच परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच आला.

न्यायालयाने काय म्हटले हे कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते: जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. हे मोठे वाक्य आहे आणि ते मी कमी लेखू इच्छित नाही. पण त्याच निकालाने फुटपाथवरील निवास काढून टाकण्याचा नगरपालिकेचा अधिकार मान्य केला आणि पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, हात लावू नये असे सांगितले. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत ज्यांना ओळखपत्र मिळाले होते, त्यांना पर्यायी जागा द्यावी असेही सांगितले. म्हणजे पुन्हा गोष्ट यादीवरच येऊन थांबली. १९७६ साली ज्याची नोंद झाली तो माणूस, आणि ज्याची झाली नाही तो अडथळा. हक्काचे तत्त्व सर्वांसाठी आणि जागा यादीवाल्यांसाठी, अशी ही वाटणी आहे.

आपल्याकडे आपत्तीच्या नियोजनाचा इतिहास लिहिला गेला तो बहुतेक पावसाचा, धान्याचा आणि भूकंपमापनाचा इतिहास म्हणून. तो याद्यांचा इतिहास म्हणून लिहिला पाहिजे, असे माझे मत आहे. मदत कोणाला मिळाली यापेक्षा मदतीस पात्र कोण हे कोणी ठरवले, कुठे बसून ठरवले, आणि पात्रतेचा पुरावा म्हणून काय मागितले, याचा शोध घेतला की बेघर माणूस योजनेतून कसा गळतो हे कळते. तो विसरला म्हणून गळत नाही. योजना घरापासून सुरू होते, म्हणून गळतो.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनने आणि मद्रास इलाख्याने भोगला. त्यानंतर १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि १८८३ नंतर इलाख्या-इलाख्यांचे दुष्काळ-संहिता ग्रंथ तयार झाले. आजच्या आपत्ती व्यवस्थापनाचे हे आजोबाच म्हणावेत. त्या संहितांत एक बारीक निरीक्षण आहे: माणसे ध्येयहीन भटकू लागली की दुष्काळ आला असे समजावे. भटकणारा माणूस हे तिथे लक्षण आहे, ताप पाहून रोग ओळखावा तसे. त्याला पोलिसांनी गाठावे आणि कामावर किंवा अनाथगृहात पोहोचते करावे, असा एकूण रोख. घरी बसून फुकट मदत मिळण्यास योग्य कोण, याची यादी मात्र गावपातळीवर होई. गावपातळीवर म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांच्या नजरेखाली. महारवाड्यातील आंधळी म्हातारी आणि गावातील आंधळी म्हातारी यांचा आंधळेपणा त्या नजरेला सारखाच दिसला असेल, असे मानायला गावगाड्याचा आपला अनुभव तयार नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गावगाड्याने अस्पृश्यांना आपत्तीतून वगळले नव्हते. आपत्तीतील काम त्यांच्याकडेच होते. दुष्काळात मेलेली गुरे ओढणे, सरकारी टपाल घेऊन रात्री-अपरात्री पळणे, वेशीवर पहारा करणे ही महारकी होती. म्हणजे संकटाच्या योजनेत आपण होतो, ते कामाच्या रकान्यात होतो. लाभाच्या रकान्यात नव्हतो. हा दुहेरीपणा पुढे दीडशे वर्षे चाललेला दिसतो.

१८७७ च्या त्या दुष्काळात महात्मा फुले आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले. धान्य कामाच्या मोबदल्यात द्यावे आणि तेही जिवंत राहण्यापुरतेच द्यावे, असा सरकारी हिशेब त्या काळी चालू होता. त्या वर्षी जानेवारीत मद्रास इलाख्यात रिचर्ड टेंपल याने माणशी दिवसाला सुमारे एक पौंड धान्यापर्यंत तो हिशेब खाली आणला होता. अशा काळात भुकेले पोर हीच पात्रता मानणारे अन्नछत्र ही केवळ दयेची गोष्ट राहत नाही. पात्रतेची वेगळी व्याख्या करणारी ती कृती होती.

प्लेगच्या इतिहासात हे अधिक ठळक दिसते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे डॉ. व्हिएगस यांनी ओळखले. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा झाला. रोग्याला बळाने इस्पितळात नेण्याच्या हुकुमाने शहर हादरले आणि लाखो लोक शहर सोडून गेले. शाळेच्या पुस्तकात इथून पुढे पुणे येते, रँड येतो, २२ जून १८९७ येते. सोजिरांनी घरात शिरून केलेल्या जुलमाची कथा येते आणि ती खरीच आहे. पण ती घर असलेल्यांची कथा आहे. उंबरठा ओलांडला गेला हा अपमान ज्याला उंबरठा होता त्याचा.

मुंबईत त्याच वेळी एक वेगळी गोष्ट घडत होती आणि ती फारशी सांगितली जात नाही. शहराचा मैला वाहणारे हलालखोर शहर सोडून जातील, या भीतीने नगरपालिकेची झोप उडाली होती. सक्तीच्या हुकुमांनी ते बिथरले आणि निघून गेले, तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, असे आयुक्त स्नो यांना उघड दिसत होते, आणि सक्ती सैल करण्यामागे ते एक कारण होते. ज्या माणसांना एरवी शहर डोळ्यांनीही पाहत नव्हते, त्यांच्यावरच शहराचे जगणे उभे होते. आपत्तीने ही गोष्ट क्षणभर उघडी पाडली. पुढे काय झाले? निरनिराळ्या जातींनी आणि धर्मांनी आपापली प्लेगची इस्पितळे काढली. ज्या समाजाजवळ शेटसावकार होते त्यांच्या रोग्यांना स्वजातीचा स्वयंपाक आणि स्वजातीची शुश्रूषा मिळाली. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांना सरकारी खाट. हलालखोरांची आठवण पालिकेला कामापुरती राहिली.

१८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. प्लेग दाटीतून पसरतो तेव्हा दाटी मोडावी, हा विचार वरवर शास्त्रीय होता. रस्ते रुंद झाले, जुनी घरे पडली. परंतु ट्रस्टने सुरुवातीच्या काळात जितक्यांना उठवले तितक्यांना घरे दिली नाहीत. उठलेली माणसे शेजारच्या गल्लीत जाऊन दाटी करून राहिली किंवा रस्त्यावर आली. आपत्तीच्या उपायातून बेघरपणा निर्माण होण्याचे, आपल्या शहरी इतिहासातील हे पहिले मोठे उदाहरण मानायला हरकत नाही. ट्रस्टने ज्या थोड्या चाळी बांधल्या, त्यांपैकी परळच्या एका चाळीत बाबासाहेब दोन दशके राहिले. आपण ती चाळ श्रद्धेने पाहायला जातो. ती चाळ प्लेगच्या दप्तरातून उगवलेली आहे, आणि तिच्या बाहेर राहिलेल्यांची गर्दी किती होती, हेही जाताना मनात असावे.

आणि सावित्रीबाई. यशवंतरावांनी पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांचे आजारी पोर सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तिथे आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. या मृत्यूकडे आपण त्याग म्हणून पाहतो. मला त्यात एक कार्यपद्धतीही दिसते. रोगी कोणत्या यादीत आहे हे त्यांनी विचारले नाही. महारवाडा पुण्याच्या प्लेग समितीच्या नकाशावर कुठे आहे हेही विचारले नाही. रोगी जिथे होता तिथे त्या गेल्या.

आता मधली काही दशके मी ओलांडतो. १९७२ च्या दुष्काळाविषयी या पानांच्या वाचकांना मी काय सांगावे? बहुतेकांच्या घरात तो दुष्काळ अजून बोलला जातो. माझी आजी खडीकेंद्रावर दगड फोडायला जात असे, तिच्या बोटांची नखे पुढे कधी सरळ आली नाहीत. मिलोच्या भाकरी, सुखडी, शनिवारचा पगार, मुकादमाची शिवी हे सारे आम्ही तिच्याकडून ऐकले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.

रोजगार हमीवर टीका पुष्कळ झाली आणि ती बव्हंशी रास्त आहे. तरी तिची एक बाजू आपण नीट पाहिलेली नाही. या योजनेची यादी घराची नव्हती, हजेरीपटाची होती. तुझे घर किती खणांचे, सात-बारा कोणाच्या नावे, असे तिथे विचारण्याचे कारण नव्हते. हात किती आहेत एवढेच पाहायचे. आजीचे नाव जन्मात पहिल्यांदा सरकारी कागदावर आले ते हजेरीपटावर, आणि ती ते अभिमानाने सांगे. आपत्तीतील हक्क मालमत्तेपासून सोडवून श्रमाला जोडता येतो, हे महाराष्ट्राने करून दाखवले होते. पण ही हमी ग्रामीण भागापुरती. माझे मधले चुलते त्याच साली मुंबईला निघून गेले आणि तीन वर्षे दादरच्या एका दुकानाच्या फळीखाली झोपले. गावात राहिलेली आजी दुष्काळग्रस्त होती. मुंबईत झोपलेला तिचा मुलगा फुटपाथवरचे अतिक्रमण होता. एकाच दुष्काळाची ही दोन माणसे.

दुष्काळाला निदान सरकारने नाव दिले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. घरे जळाली, भांडी फुटली, धान्य मातीत गेले, माणसे पावसात रानात आणि पुढे शहरांत गेली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आपत्तीची जी व्याख्या आहे, तिच्यात निसर्गाइतकीच मानवनिर्मित कारणेही येतात. त्या व्याख्येने पाहिले तर १९७८ ची जाळपोळ आपत्तीत का मोडू नये? वस्ती जाळण्याची शक्यता धरून कोणत्या जिल्ह्याने आपली आपत्ती योजना केली आहे? नदीकाठचे गाव पूरप्रवण म्हणून नोंदले जाते. अत्याचारप्रवण गावांच्या याद्या गृहखात्याकडे असतात, त्या पोलीस बंदोबस्तासाठी असतात. जळालेल्या कुटुंबाने त्या रात्री कुठे झोपावे, हे त्यांत नसते.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. पुनर्वसन मोठे झाले, जागतिक बँकेचा पैसा आला, ५२ गावे नव्या जागी वसवली. त्यातील घरांचे आकारमान पाहा. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, सात हेक्टरच्या वर जमीन असलेल्यांना ७५०. भूकंपाने एका रात्रीत जे सपाट केले, ते शासनाने जमिनीच्या उताऱ्याप्रमाणे पुन्हा चढउताराचे केले. याला कोणी जातिभेद म्हणणार नाही, कारण कागदावर जात नाही. जमीन आहे. मराठवाड्यात जमीन कोणाकडे आहे आणि भूमिहीन कोण, हे माहीत असलेल्याला कागद वाचण्याची गरज नाही. तरीही इथे भूमिहीनाला काही मिळाले, कारण त्याचे निदान एक पडके घर मोजायला होते.

ज्याचे घरच नाही त्याचे काय, हा प्रश्न विचारला की निकषांची पुस्तके उघडावी लागतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०१५ ते २०२० या काळासाठीचे निकष पाहावेत. पडलेल्या पक्क्या घराला इतके, कच्च्याला इतके, झोपडीला इतके, अशी उतरंड आहे. झोपडीची व्याख्याही दिलेली आहे: कच्च्या घराहून हलकी, गवत, माती, प्लॅस्टिक यांची तात्पुरती उभारणी, जिला सरकारी अधिकारी परंपरेने झोपडी म्हणून ओळखत आले आहेत. प्लॅस्टिक हा शब्द वाचून क्षणभर बरे वाटते. पण लगेच पुढे अट आहे की नुकसान झालेले बांधकाम अधिकृत असावे आणि तसा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला असावा. कपडे आणि भांड्यांची मदतही ज्यांचे घर वाहून गेले, पडले किंवा पाण्यात राहिले त्यांनाच. तुळशीवाडीच्या फुटपाथवरील त्या ७०० रुपयांच्या बांबू-प्लॅस्टिकला अधिकृततेचा दाखला कोणता सक्षम अधिकारी देणार? ज्या खात्याने तो द्यायचा, त्याच खात्याची गाडी ते पाडायला येते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच्या आधीच्याच हिवाळ्यात मुंबईत ऐंशी हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या गेल्या होत्या. म्हणजे पाऊस आला तेव्हा शहराने स्वतःच्या हाताने कैक कुटुंबे आधीच उघड्यावर आणून ठेवली होती. त्या पावसानंतर मदतवाटप झाले ते पाणी शिरलेल्या घरांचे पंचनामे करून. ज्याचे सारे घर म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि चार काठ्या होत्या आणि त्या वाहून गेल्या, त्याच्या जागी पंचनामा करायला उरतो तो स्वच्छ धुतलेला फुटपाथ.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला आपत्ती व्यवस्थापन कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. आदल्या वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामी आली होती आणि नागपट्टणमच्या किनाऱ्यावर दलितांना मदतछावण्यांत कसे वागवले गेले, याचे अहवाल बाहेर आले होते. प्रेते उचलण्यासाठी मात्र दूरदूरच्या नगरपालिकांतून सफाई कामगार आणले गेले, आणि ते कोण होते हे सांगायला नको. कामाच्या रकान्यात हजर, लाभाच्या रकान्यात गैरहजर, ही जुनी महारकीच. या कायद्याच्या ६१ व्या कलमात मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेद करू नये असे स्पष्ट लिहिले आहे. हे कलम दलित कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे इतके मोलाचे आहे. परंतु १२ वे कलमही सोबत वाचावे. किमान मदतीत काय असावे हे ते सांगते: छावणीतील निवारा, अन्न, पाणी, औषध, विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतूद, मृत्यूबद्दल साहाय्य, घराच्या नुकसानीबद्दल साहाय्य, उपजीविका पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्य. घर नसल्याबद्दल त्यात काही नाही. जातीवरून भेद करू नका असे सांगणारा कायदा घरावरून भेद करतो, आणि घर नसलेल्यांत कोणत्या जाती दाटीने आहेत हे उघड्या डोळ्यांना दिसते.

हाच कायदा मार्च २०२० मध्ये सबंध देशावर लागू झाला. २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून प्रत्येकाने घरात राहावे असा हुकूम होता. फुटपाथवरील माणसाने या हुकुमाचे पालन कसे करावे? पाच दिवसांनी, २९ मार्चला, केंद्राने राज्यांना तात्पुरते निवारे उघडण्यास सांगितले. म्हणजे देशात घराबाहेरही माणसे राहतात, हे आपत्तीच्या यंत्रणेला पाच दिवसांनी आठवले. तोवर माणसे चालू लागली होती. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळच्या दिशेने ते निघाले होते. ते मध्य प्रदेशचे होते, म्हणून महाराष्ट्राच्या कोणत्याच यादीत नव्हते.

आता नियोजनाकडे. बेघरांसाठी काहीच झाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत पुसा रोडवरचा तात्पुरता रात्रनिवारा ऐन थंडीत पाडला गेला. त्यावरून न्यायालये जागी झाली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांना लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा उभारण्यास सांगितले. २०१३ पासून केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात हे प्रमाण आले, माणशी ५० चौरस फूट जागेचा निकषही आला. परंतु हे सारे गृहनिर्माण आणि उपजीविकेच्या खात्यात राहिले. आपत्तीच्या खात्यात त्याला जागा मिळाली नाही. नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर पाणी तुंबण्याच्या ठिकाणांचा नकाशा असतो. कोणत्या पुलाखाली रात्री किती माणसे झोपतात, त्यांत तान्ही मुले किती, पांगळे किती, याचा नकाशा त्याच्यावर कधी ठेवला जात नाही.

असा नकाशा सरकार करणार नाही, केला तर पाडापाडीसाठी करील, ही भीती खरी आहे. म्हणूनच १९८५ सालचे एक काम मला महत्त्वाचे वाटते. निकालानंतर आता बिऱ्हाडे उठणार, हे डोक्यावर असताना 'स्पार्क' या संस्थेने भायखळ्याच्या आसपासच्या फुटपाथवरील कुटुंबांची मोजणी केली आणि 'आम्ही अदृश्य' अशा अर्थाच्या नावाने ती प्रसिद्ध केली. मोजले गेलेले लोक मोजणीत सहभागी होते. माणसे कोठून आली, केव्हा आली, काय काम करतात, हे त्यांच्याच तोंडून नोंदले गेले. त्यातून फुटपाथवरच्या बायकांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. बचत, नोंदवही, कोणाकडे कोणता कागद आहे याची माहिती, गाडी आली की कोणी कोणाला सांगायचे, ही सारी कामे त्या बायका करू लागल्या. विद्वानांनी याला पुढे मोठमोठी नावे दिली. मला ते आपत्तीचे नियोजनच वाटते, कारण त्या कुटुंबांची आपत्ती पाऊस एवढीच नव्हती. पावसात येणारी पालिकेची गाडी ही मोठी आपत्ती होती, आणि तिच्यासाठी त्यांची तयारी चालू होती.

आपल्या चळवळीने या माणसांकडे पुरेसे पाहिले नाही, हेही इथेच कबूल केले पाहिजे. गायरानासाठी आपण लढलो, नामांतरासाठी तुरुंगात गेलो, चाळीतल्या आणि झोपडपट्टीतल्या वस्त्यांत शाखा काढल्या. फुटपाथवर शाखा निघत नाही, कारण तिथे फलक लावायला भिंत नाही. मतदारयादीत नाव नाही, म्हणून पुढाऱ्यालाही तिथे थांबण्याचे कारण नाही. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर लाखो माणसे उघड्यावर झोपतात आणि त्यांच्या जेवणाची, पाण्याची, दवापाण्याची, हरवलेल्या मुलांची व्यवस्था आपलेच कार्यकर्ते दरवर्षी करतात. एवढ्या मोठ्या उघड्यावरच्या वस्तीची व्यवस्था करण्याचे ज्ञान आपल्याजवळ आहे. ते आपण सात डिसेंबरला गुंडाळून ठेवतो.

जनगणनेत बेघरांची मोजणी एकाच रात्री होते. २०११ साली ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे मोजली गेली, त्यांपैकी निम्म्याहून अधिक शहरांत. एकट्या मुंबईत ५७ हजारांच्या वर. एका रात्रीत, कंदील घेऊन फिरणाऱ्या प्रगणकाला जितकी दिसली तितकी ही माणसे. जी त्या रात्री पहाऱ्यावर होती, बाजारात हमाली करीत होती, पोलिसांच्या भीतीने उठून दुसरीकडे गेली होती, ती त्यांत नाहीत. निवारे किती हवेत, धान्य किती हवे, याचा हिशेब पुढे याच आकड्यावरून होतो. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पंधरा वर्षे हाच आकडा चालतो आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झालेली आहे. जुनी रीत कायम राहिली, तर तिच्या आदल्या रात्री प्रगणक रस्त्यावर उतरतील. शिक्षकच बहुधा असतील, आपल्यापैकीही काही असतील. कोणत्या पुलाखाली कोण झोपते हे त्यांना दाखवायला बरोबर कोण जाणार, याची यादी आतापासून करायला घेतली तरच ती वेळेवर पुरी होईल.